शेतपंपाचं बिल माफ, घरचं लाईट बिल मात्र चढतंच. खरा खेळ शंभर युनिटच्या रेषेवर

जालना : एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना मोफत वीज मिळते. त्यामुळे गावातली लाईट बिलाची चर्चा थंडावेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी शेतपंपाच्या थकबाकीचा आकडा एवढा मोठा असायचा की घरच्या बिलाकडे कुणी नीट बघत नसे. आता ते एकटंच उरलंय आणि दर महिन्याला येतंय.

भोकरदन, जाफराबादपासून परतूर, मंठ्यापर्यंत चित्र सारखंच आहे. हिवाळ्यात सात-आठशेत भागणारं बिल उन्हाळ्यात चौदाशे-पंधराशेवर जातं. सोयाबीनला भाव नाही, कापसाचे पैसे उधारी फेडण्यात गेले, आणि त्यात हे. मग पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "मीटर पळतंय." एखाद्या घरी मीटरमध्ये खरंच दोष असेलही. पण बहुतेक घरांत मीटर बरोबर असतं, बिल वाढायचं कारण दुसरं असतं. ते कारण दरपत्रकात आहे.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने आहेत. महिन्याचे पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, त्यापुढे आणखी महाग. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्यात युनिटला साधारण सहा रुपये पडतात. दुसऱ्या टप्प्यात तेच युनिट अकरा रुपयांच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यावर सव्वाशेच्या पुढचा स्थिर आकार असतो, तो घराला कुलूप लावून मुंबई-पुण्याला गेलं तरी द्यावाच लागतो. आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजनाची रक्कम महिन्यागणिक कमी-जास्त होते, ती वेगळी.

इथे एक गैरसमज गावोगाव आहे. १०१ वं युनिट जळलं की सगळंच बिल महाग दराने लागतं, असं अनेकजण समजतात. तसं नाही. पहिले १०० युनिट स्वस्तच राहतात, फक्त वरचे महाग पडतात. पण ते वरचेच घाव घालतात. हिशोब करून बघा. १०० युनिटला सहा रुपयांनी ६०० रुपये, स्थिर आकार १३० धरला तर ७३०, वर १६ टक्के, म्हणजे साधारण ८४५ ते ८५० रुपये. आता १५० युनिट घ्या. ६०० अधिक ५० युनिटचे ५५०, अधिक १३०, झाले १२८०. शुल्क धरून १४८५. युनिट दीडपट झाले, बिल मात्र सव्वासहाशेच्या वर वाढलं. उलट्या बाजूने बघितलं तर आणखी महत्त्वाचं. १५० युनिटच्या घराने फक्त ५० युनिट वाचवले, तर बिलातले दर शंभर रुपयांतले त्रेचाळीस कमी होतात.

म्हणून वीज बचतीचा प्रश्न "सगळं कमी वापरा" असा नाहीच. शंभरच्या वरचे जे पंचवीस-पन्नास युनिट आहेत ते कुठे जातात, एवढाच प्रश्न आहे. आणि गावात बचत नेमकी चुकीच्या जागी होते. लेकरू अभ्यासाला बसलं की म्हातारी माणसं बल्ब बंद करायला सांगतात. नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास महिनाभर जाळला तरी दीड युनिटही होत नाही. मिक्सरचा आवाज मोठा, म्हणून त्याचा धसका. पाचशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तर महिन्याला अडीच युनिट. मोबाईलचा चार्जर तर हिशोबातही धरू नये. ज्याचा आवाज होत नाही आणि जे तासन्‌तास चालतं, ते बिल वाढवतं.

एक पाच माणसांचं घर धरू. तीन जुने पंखे, एक जुना फ्रिज, टीव्ही, पाण्याची अर्धा अश्वशक्तीची मोटार, ट्यूब-बल्ब. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. उन्हाळ्यात दोन पंखे रोज चौदा तास आणि तिसरा आठ तास चालला तर तिघांचे मिळून ८१ युनिट होतात. फ्रिजचे ३५, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सचे १५, दिव्यांचे १२, मोटारीचे सात-आठ, बाकी किरकोळ पाच. बेरीज १५५ च्या पुढे. यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पंख्यांचा. कूलर असेल तर गोष्टच वेगळी. पत्र्याचा गावठी कूलर दोनशे वॅटच्या आसपास घेतो, रात्रभर दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट.

कूलरबद्दल एवढंच, की तो बंद खोलीत लावून काही उपयोग नाही. हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी पाहिजे. ती नसली की खोली दमट होते, अंगाला चिकचिक सुटते आणि मग वरून पंखाही लावावा लागतो. दोन्ही चालू, गारवा कुठेच नाही.

पंख्याचं मात्र सविस्तर बघायला हवं, कारण कमी पैशात जास्त फरक इथेच पडतो. बाजारात आता बीएलडीसी नावाचे पंखे आले आहेत. ते तेवढीच हवा २८ ते ३५ वॅटमध्ये देतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर राहायची गरज नाही. पाच स्टारचा पंखा बहुधा याच प्रकारचा असतो. चौदा तास चालणारा ७५ वॅटचा पंखा महिन्याला साडेएकतीस युनिट घेतो, ३० वॅटचा साडेबारा. एका पंख्यामागे १९ युनिट वाचले. हे १९ युनिट शंभरच्या वरचे असतील तर शुल्क धरून महिन्याला २४० रुपये वाचतात. घराचा वापर आधीच शंभरच्या आत असेल तर तेच १९ युनिट १३० रुपयांचे. पंखा अडीच ते तीन हजाराला पडतो. म्हणजे जास्त वापराच्या घरात उन्हाळा आणि पुढचा पावसाळी उकाडा मिळून वर्ष-सव्वा वर्षात पैसे निघतात, कमी वापराच्या घरात दोन-अडीच वर्षं लागतात.

साध्या पंख्याला हजार-दीड हजार आणि याला दुप्पट, म्हणून घरात वाद होतो. जुना पंखा चालू असताना काढून टाकायची गरज नाही. पण मोटार जळालेला पंखा तीन-चारशे देऊन पुन्हा भरून आणण्याआधी विचार करावा. तो भरलेला पंखा पुढची दहा वर्षं दुप्पट वीज खाणार आहे. शिवाय नवा पंखा कुठे लावायचा, यातही चूक होते. घेतला की तो बैठकीत लागतो, पाहुण्यांना दिसावा म्हणून. बैठकीत पंखा दिवसातून दोन तास चालतो. जिथे घरातली माणसं रात्रभर झोपतात, त्या खोलीत तो लागला पाहिजे.

या पंख्यांची दुसरी बाजूही आहे. आत कार्ड असतं. डीपीवरून अचानक जादा व्होल्टेज आलं की ते जाऊ शकतं आणि गावातल्या मोटार भरणाऱ्याकडे त्याचा इलाज नसतो. म्हणून वॉरंटीचं पक्कं बिल घ्यावं, आणि तालुक्याच्या गावात दुरुस्ती होते का हे विचारूनच कंपनी निवडावी. जुना रेग्युलेटर याला चालत नाही, वेग रिमोटवर बदलतो. फायदा असा की व्होल्टेज पडलं तरी हा पंखा बऱ्यापैकी फिरत राहतो, आणि इन्व्हर्टरवर साध्या पंख्याच्या दुप्पट वेळ चालतो. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांना हे जास्त कामाचं आहे.

पत्र्याच्या घरात मूळ दुखणं पत्राच असतो. पंखा तापलेली हवाच खाली ढकलतो. तुराट्या किंवा पाचट पत्र्यावर टाकायची पद्धत आहे, पण ती वाळली की एक ठिणगी पुरते. स्लॅबवर किंवा पत्र्यावर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारणं त्यापेक्षा बरं, खर्चही थोडा.

फ्रिजचं तेवढंच तीन गोष्टींत सांगता येतं. दाराचं रबर सैल झालं का ते कागदाने कळतं. दारात कागद धरून दार लावायचं, कागद सहज निघून आला तर गार हवा दिवसभर बाहेर जातेय. रबर बदलून मिळतं. फ्रिज चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारी, भिंतीला चिकटून ठेवू नये. आणि बर्फाचा थर बोटभर झाला की तो वितळवावा. शहरातून कुणी वापरलेला पंधरा वर्षांचा फ्रिज चार हजारात आणला तर तो स्वस्त पडला असं समजू नये, तो हप्ते बिलातून वसूल करतो.

सेट टॉप बॉक्स ही न दिसणारी गळती आहे. रिमोटने टीव्ही बंद केला तरी बॉक्स दहा वॅटच्या आसपास घेत राहतो. दिवसातले एकोणीस तास असाच चालू राहिला तर महिन्याला पाच-सहा युनिट फुकट. भिंतीवरचं बटण बंद केलं की झालं. तसाच जुना झिरोचा बल्ब. नाव झिरो असलं तरी जुन्या पिवळ्या बल्बला बारा-पंधरा वॅट लागतात. देवघरात रात्रभर जळाला की महिन्याला साडेचार युनिट. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी तीस-चाळीस रुपयांत येतो.

हिवाळ्यात पंखे बंद होऊनही काही घरांचं बिल उतरत नाही. तिथे पाणी तापवायचा रॉड बघावा. वीस लिटरची एक बादली अंघोळीइतकी गरम करायला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. रोज चार बादल्या म्हणजे महिन्याला सत्तर युनिट. पंख्यांनी वाचवलेलं सगळं एका रॉडने घालवलं. कापसाच्या पट्ट्यात घरोघरी पऱ्हाटी पडलेली असते, ती बंबात वापरता येते. बंब मात्र घराबाहेर, धूर घरात येणार नाही असा असावा. रॉड बादलीत टाकून बाई गोठ्यात जाते आणि पाणी उकळत राहतं, हेही रोजचंच. जिवाला धोका तो वेगळाच.

कोणती वस्तू किती खाते हे फुकटात तपासता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या तोंडावर ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि त्यापुढे इंग्रजीत 'इम्प' अशी अक्षरं असतात. ३२०० चा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त एक जुना पंखा पूर्ण वेगात लावला, तर ३२०० च्या मीटरवर दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकतो. जास्त लुकलुकला तर पंखा जास्त खातोय. आणि सगळी बटणं, फ्रिज, इन्व्हर्टर, सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा मीटरच्या पुढून कुणीतरी वायर नेली आहे. अशा वेळी वायरमनला बोलवावं. ओल्या भिंतीतून उतरणारा करंट बिलापेक्षा माणसाला घातक.

"मीटर पळतंय" ची तक्रार द्यायची तर आधी ही तपासणी करून द्यावी. मग कक्ष कार्यालयात बोलणं सोपं जातं.

आता बिलाच्या कागदाकडे. रक्कम बघून बिल खिशात घालायची सवय आहे. बघायचं ते मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि फोटो. मीटरजवळ जाऊन तोच आकडा आहे का बघावं. घराला कुलूप होतं म्हणून दोन-तीन महिने सरासरी बिल आलं आणि नंतर एकदम खरं रीडिंग लागलं, तर टप्प्याचा फायदा तेवढ्या महिन्यांचा मिळाला पाहिजे. तीन महिन्यांचे मिळून २७० युनिट असतील तर ते सगळे पहिल्याच दराने बसायला हवेत, कारण तीन महिन्यांचे स्वस्त युनिट ३०० होतात. ते एकाच महिन्याचे धरले गेले असतील तर बिल दुरुस्त करून मागावं. तक्रार १९१२ वर किंवा मोबाईल ॲपवरून नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. मोबाईलवर बिल घेऊन कागदी बिल बंद केलं की 'गो ग्रीन'मध्ये वर्षाला १२० रुपये सुटतात. रक्कम छोटी आहे, पण त्यासाठी काही बंद करावं लागत नाही.

नव्या स्मार्ट मीटरवरून गावात दोन तट आहेत. १ जुलै २०२५ पासून हे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे. सवलत खरी आहे, पण तिचा गाजावाजा जास्त झाला. दिवसा घरातली माणसं शेतात. टीव्ही, पंखे, दिवे यांचा खरा वापर अंधार पडल्यावर. १५० युनिटच्या घरात दिवसाचे ५० युनिट धरले तरी सुटतात चाळीस-पन्नास रुपये. पाण्याची मोटार, इस्त्री दिवसा चालवून थोडी भर पडेल. मोठा फायदा पिठाच्या गिरणीला नव्हे, कारण ती घरगुती नाही. तो दिवसभर माणसं घरी असणाऱ्या शहरी कुटुंबाला आहे. पंख्याच्या एका बदलाने जेवढं वाचतं, त्याच्या पाव हिस्साही या सवलतीतून गावच्या घरात येत नाही.

राहिला छतावरचा सौर संच. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार अनुदान. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट देतो आणि त्याला शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. अनुदान संच बसल्यावर खात्यावर येतं, तोवर पैसे स्वतःचे किंवा कर्जाचे. तीनशे युनिटवाल्याला हा व्यवहार लवकर फिटतो, कारण त्याचे महाग युनिट वाचतात. ऐंशी-नव्वद युनिटवाल्याचे वाचतात ते सहा रुपयांचे स्वस्त युनिट, म्हणून त्याला तोच संच उशिरा फिटतो. या योजनेत छोटा ग्राहक मागे राहतो तो यामुळे.

ती अडचण भरून काढायला राज्याने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, थोडक्यात 'स्मार्ट' योजना आणली. ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या ग्राहकांसाठी आहे. एक किलोवॅटचा संच साधारण ५० हजारांचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार, स्वतःचे अडीच हजार. शंभरच्या आतल्या इतर ग्राहकांना राज्याचे दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना पंधरा हजार. म्हणजे शंभरची रेष इथेही आडवी येते. उन्हाळ्यात जुन्या पंख्यांनी वापर दीडशेवर नेणारं गरीब घर महाग दरही भरतं आणि या योजनेतून बाहेरही पडतं. दोन पंखे बदलायची ऐपत नाही म्हणून दोन्हीकडून नुकसान.

गावात या अर्जांना अडवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती तांत्रिक नाही. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, घराचे तीन वाटे झालेले, एकाच मीटरवरून दोन भावांची घरं चालतात. दोन घरांचा वापर एका मीटरवर आला की तो शंभरच्या वर जाणारच आणि दोघंही महाग टप्प्यात ओढले जातात. वेगळी चूल असेल तर वेगळं मीटर घेण्याचा हक्क आहे. स्थिर आकार दोनदा भरावा लागेल, पण ८० आणि ८० युनिटच्या दोन बिलांची बेरीज १६० युनिटच्या एका बिलापेक्षा साधारण दोनशे रुपयांनी कमी येते. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, वारसांची संमती आणि थकबाकी नसल्याची खात्री लागते. उन्हाळ्यात भाऊबंद लग्नसराईला गावात एकत्र येतात, तेव्हाच या सह्या होऊन जातात.